ऑइल प्रेशर टेस्ट किट: टर्बो गाडीत सकाळी तेल उशिरा का चढतं, ते सांगणारं खोकं

थंड टर्बो गाडीला सेल्फ मारला, इंजिन लागलं, पण ऑइलचा लाल दिवा चार-पाच सेकंद रेंगाळला आणि वरून चेनची किंवा टॅपेटची खडखड आली. मग दिवा गेला, आवाज बसला, गाडी नेहमीसारखी चालू लागली. अशा गाडीबद्दल नाशिकात ऐकू येणारी उत्तरं ठरलेली आहेत: थंडीनं तेल घट्ट झालंय, जाड तेल टाका, नाहीतर पंपच बदला. तिन्ही उत्तरं बहुतेक वेळा काहीही न मोजता दिलेली असतात. मोजायचं साधन मात्र फार महाग नाही. प्लास्टिकच्या खोक्यात एक काट्याचं गेज, एक-सव्वा मीटरचा रबरी होज आणि आठ-दहा पितळी ॲडॅप्टर, असं यांत्रिक ऑइल प्रेशर टेस्ट किट दोन-तीन हजारांच्या घरात मिळतं. वेगवेगळ्या नावांनी विकलं जातं, आतला माल जवळपास सारखाच असतो.

निकाल आधीच सांगतो. टर्बो गाड्यांचं काम करणाऱ्या प्रत्येक गॅरेजनं आणि गाडीत हात घालणाऱ्या मालकानंही हे घ्यावं. पण खोक्यातून काढून जसंच्या तसं वापरू नये. तीन गोष्टी बदलाव्या लागतात. शिवाय सोबतच्या कागदावर फक्त "किती दाब" कसा वाचायचा ते लिहिलेलं असतं. सकाळच्या तक्रारीत महत्त्वाचा प्रश्न "किती वेळात" हा असतो, आणि त्याबद्दल तो कागद गप्प आहे.

दिवा काय सांगतो, काय नाही

डॅशबोर्डवरचा दिवा ज्या स्विचवर चालतो तो साधारण ०.३ ते ०.५ बारला उघडतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ तेल आलं, इतकाच. इंजिनाला लागणारा दाब तयार झाला असा नाही. दिवा दीड सेकंदात विझून दाब दोन बारपर्यंत जायला आणखी सहा सेकंद लागत असतील, तर गाडी आजारी असूनही दिवा बिनतक्रार दिसेल. ओबीडी स्कॅनरची (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणाऱ्या यंत्राची) गतही तशीच. पुष्कळ छोट्या टर्बो गाड्यांत प्रेशरचा सेन्सर नसतोच, स्विच असतो. तिथे स्कॅनरला फक्त चालू-बंद कळतं. सेन्सर असला तरी स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर सेकंदाला मोजकेच आकडे दाखवतो. दोन सेकंदांत घडणारी गोष्ट त्यातून निसटते.

टर्बोला, म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याला, या दोन सेकंदांचं महत्त्व फार. त्याचा शाफ्ट बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंगवर नसतो, तेलाच्या थरावर तरंगतो. पूर्ण भारावर फेरे मिनिटाला एक-दीड लाखाच्या वर जातात, छोट्या टर्बोत दोन लाखांच्याही पुढे. इंजिन लागल्या क्षणी एक्झॉस्टचा झोत टर्बोला फिरवू लागतो, आणि तेल मात्र बऱ्याच इंजिनांत तिथे सगळ्यात शेवटी पोचतं. आधीचा ओला थर काही क्षण सांभाळून घेतो. तो संपला की आधी थ्रस्ट बेअरिंग, म्हणजे शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं बेअरिंग, घासतं.

खोक्यात काय चांगलं, काय बदलायचं

आधी गेज. ते बहुधा ० ते १० बारचं, दुसऱ्या पट्टीवर १४० किंवा १५० पीएसआयचं असतं (१ बार म्हणजे १४.५ पीएसआय). थंड इंजिनात तीन-पाच बार मोजायला ठीक. पण अशा गेजची अचूकता पूर्ण पट्टीच्या अडीच टक्के धरली तरी चूक पाव बारची झाली. गरम इंजिन स्लोवर (रेस न देता) असताना एकूण दाबच एक-सव्वा बार असतो, तिथे पाव बार म्हणजे मोठी रक्कम. म्हणून नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या हायड्रॉलिक-न्यूमॅटिक सामानाच्या दुकानातून ० ते ७ बारचं, १.६ क्लासचं (म्हणजे चूक पूर्ण पट्टीच्या १.६ टक्क्यांच्या आत असलेलं) गेज वेगळं घ्यावं. क्लासचा आकडा डायलवर छापलेला असतो. मागचे आटे बहुतेक १/४ बीएसपी (पाइपच्या आट्यांचं ब्रिटिश माप) असतात, होजच्या टोकाशी जुळतात का ते दुकानातच पाहावं.

दुकानदार ग्लिसरीन भरलेलं गेज पुढे करेल. गरम इंजिनाचा दाब वाचायला ते छान, काटा थरथरत नाही. या तपासणीसाठी मात्र कोरडं गेज घ्या. स्ट्रेनरच्या, म्हणजे पंप ज्या जाळीतून तेल ओढतो तिच्या, पाइपात हवा शिरत असेल तर काटा बारीक फडफडतो. ती फडफड हाच पुरावा असतो, आणि ग्लिसरीन नेमकी तीच गिळून टाकतं.

घरी आणल्यावर गेज एकदा ताडून पाहा. कॉम्प्रेसरच्या रेग्युलेटरवर २ बार लावून विश्वासाच्या टायर गेजशी तुलना केली की पाच मिनिटांत कळतं. काटा शून्यावर परत येतो का, हेही बघा. किटमधली काही गेज पहिल्याच वापरानंतर ०.२ वर अडकून बसतात.

दुसरी गोष्ट ॲडॅप्टर. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबतो. मारुती, ह्युंदाई, टोयोटाच्या बहुतेक इंजिनांत प्रेशर स्विचचे आटे १/८ बीएसपीटी असतात, म्हणजे निमुळते. फोक्सवॅगन-स्कोडाच्या इंजिनांत बहुधा एम १० × १, समांतर. हे दोन्ही ॲडॅप्टर शेजारी ठेवले तर डोळ्यांना एकच वाटतात. बीएसपीटीचा बाहेरचा व्यास ९.७ मिलिमीटर आणि इंचाला २८ आटे, म्हणजे पिच ०.९१. दुसऱ्याचा व्यास १०, पिच १.० मिलिमीटर. एकात दुसरा दोन-तीन फेरे हातानं जातोही, मग जड होतो, आणि पाना लावला की ॲल्युमिनियमचे आटे खलास. खोक्यात १/८ एनपीटी हा अमेरिकन मापाचा ॲडॅप्टरही असतो, इंचाला २७ आट्यांचा. तोही बीएसपीटीच्या भोकात थोडा जातो आणि मग गळत राहतो. किटमधल्या ॲडॅप्टरवर मापं कोरलेली असतात, पण उथळ, आणि कधीकधी चुकीची. तेव्हा काढलेला मूळ स्विच आणि ॲडॅप्टर यांचे आटे एकमेकांत बसवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर माप चुकलंय. थ्रेड गेज असेल तर उत्तमच. बोटांनी किमान चार फेरे सहज गेल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

समांतर आट्यांचं सील वॉशरवर होतं. खोक्यातले वॉशर पातळ असतात, त्यांच्या जागी तांब्याचे नाहीतर डाउटी (आतल्या कडेला रबर असलेले धातूचे) वॉशर घ्या. निमुळत्या आट्यांना टेफ्लॉन टेप चालते, पण पुढचे दोन आटे कोरे ठेवून. टेपचा सुटलेला तंतू तेलाच्या गॅलरीत (इंजिनातल्या तेलाच्या मुख्य वाटेत) गेला की टर्बोला तेल नेणाऱ्या फीड पाइपच्या बारीक वाटेत जाऊन अडकू शकतो. साध्या गाडीत खपून जाणारी चूक इथे टर्बो घेऊन जाते. त्यामुळे टेपऐवजी द्रव थ्रेड सीलंटचा एक थेंब बरा.

तिसरा होज. रबर ठीक असतं, पण दोन्ही टोकांची दाबपट्टी संशयास्पद. इंजिनावर लावण्याआधी कॉम्प्रेसरवर सहा-सात बार देऊन साबणाच्या पाण्यानं तपासा. इंजिन चालू असताना होजमधून उडालेलं तेल टर्बोच्या गरम हाउसिंगवर पडलं तर पेट घेतं. होज टर्बो, एक्झॉस्ट आणि फॅनच्या पट्ट्यापासून लांब, केबल टायनं बांधून काढा, आणि अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवा.

मोजणी

गाडी रात्रभर, किमान आठ तास, सपाट जागी उभी हवी. सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमध्ये नाक खाली करून उभी केलेली गाडी आणि सपाटावरची गाडी यांची वेळ वेगळी येऊ शकते. सकाळी सगळ्यात आधी डिपस्टिक. मिन आणि मॅक्समध्ये बहुतेक गाड्यांत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. चार लिटर तेलाच्या इंजिनात एक लिटर कमी असेल तर पुढची तपासणी थांबवून आधी पातळी भरा.

स्विच बहुतेकांत २४ किंवा २२ मिलिमीटरच्या खोल सॉकेटनं निघतो. ॲडॅप्टर साधारण १२ ते १५ न्यूटन-मीटरनं, जास्त नाही. आता एक बारीकसं पण निर्णायक काम: होज तेलानं भरून घ्या. पाच मिलिमीटर भोकाच्या एक मीटर होजमध्ये जवळपास २० मिलिलिटर हवा असते. ती दाबली जाईपर्यंत काटा मागे राहतो, आणि निरोगी इंजिनही सुस्त ठरतं. साध्या सिरिंजनं इंजिनातलंच तेल भरा, मग जोडा.

मोबाइल स्टँडवर लावून गेजचा व्हिडिओ घ्या, आवाजासकट. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात. इंजिन पेटल्याचा पहिला ठोका ऐकू आला ती शून्य वेळ. तिथून काटा शून्यावरच्या टाचणीवरून सुटेपर्यंतच्या फ्रेम मोजा, आणि तिथून २ बारला पोचेपर्यंतच्या वेगळ्या मोजा. ही दोन अंतरं वेगळी लिहिणं म्हणजेच ही तपासणी. अंदाजानं "पाच सेकंद लागले" असं एकच माप घेतलं तर किटचे पैसे वाया गेले म्हणा.

निरोगी इंजिनात काटा बहुतेक वेळा सेल्फ फिरत असतानाच हलतो, फार तर पेटल्यावर एका सेकंदात. दोन-तीन सेकंदांत तो २ बारच्या पुढे असतो आणि थंड इंजिन स्लोवर तीन ते पाच बारला स्थिरावतो. गरम झाल्यावर स्लोवर एक ते दीड. नेमका आकडा त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलाच धरायचा. बऱ्याच नव्या इंजिनांत गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करणारा पंप असतो. तिथे गरम स्लोवर सव्वा बार ही मुद्दाम ठेवलेली पातळी असते, तिला बिघाड म्हणू नये.

यानंतर तीच गाडी गरम करून बंद करा आणि दहा मिनिटांनी, एक तासानं, चार तासांनी पुन्हा मोजा. रोगाची जागा बहुतेक वेळा या चार आकड्यांतून कळते.

काटा उशिरा सुटतो, की हळू चढतो

काटा मुळातच उशिरा सुटत असेल, पण सुटल्यावर झपकन वर जात असेल, तर पंपाला नावं ठेवू नका. वाट रिकामी झालेली आहे, पंप ती भरतोय. दहा मिनिटांच्या मोजणीत उशीर नाही, तासाभरानं थोडा, रात्रीनंतर पूर्ण, असा चढता क्रम मिळाला तर तेल उभ्या गाडीत मागे चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरतंय हे जवळपास पक्कं.

याचं पहिलं कारण फिल्टर, आणि सगळ्यात स्वस्तही. आडव्या किंवा उलट्या बसणाऱ्या डब्याच्या फिल्टरमध्ये आतल्या तोंडाशी रबराची एक चकती असते. तेल आत येऊ देते, परत जाऊ देत नाही. ती कडक झाली किंवा वाकडी बसली की रात्रभरात फिल्टर रिता होतो. पडताळायला वजनकाटा पुरतो. सकाळी इंजिन सुरू न करता फिल्टर सरळ काढा आणि वजन करा. पाव लिटर तेलाचं वजन साधारण २१० ग्रॅम भरतं. नव्या कोऱ्या फिल्टरपेक्षा जुना जेमतेम वीस-तीस ग्रॅमनं जड निघाला तर तो रिकामा होता. आडवा फिल्टर काढताना थोडं तेल सांडतंच, म्हणून खाली ट्रे ठेवा आणि त्यातलं तेलही वजनात धरा. मग फिल्टरच्या बाहेरच्या बारीक भोकांतून आत डोकावा. चकती सगळीकडून चिकटून बसलेली दिसायला हवी. स्क्रू ड्रायव्हरच्या बोथट टोकानं हलकेच दाबली तर ती झुकून लगेच परत यावी. कडक कागदासारखी तशीच राहिली तर संपली. सिलिकॉनची चकती उष्णतेत नायट्राइल रबरापेक्षा जास्त दिवस मऊ राहते. सिलिकॉन बऱ्याचदा नारिंगी किंवा लाल असतं, पण रंगावर भरवसा ठेवू नका, पॅकिंगवर काय लिहिलंय ते वाचा. तोंड वर करून उभ्या लटकणाऱ्या फिल्टरला ही चकती फारशी लागत नाही. तिथे हा संशय सोडून पुढे जायचं.

कागदी कार्ट्रिज फिल्टरच्या गाड्यांत दोष बऱ्याचदा फिल्टरचा नसतो, बसवणाऱ्याचा असतो. झाकणाच्या मधल्या दांड्याच्या टोकाला एक छोटी ओ-रिंग असते. फिल्टर बदलताना मोठी ओ-रिंग आठवणीनं बदलतात, ही छोटी तशीच राहते नाहीतर जुन्या फिल्टरसोबत कचऱ्यात जाते. ती नसली की हाउसिंगमधलं सगळं तेल गाडी उभी असताना खाली उतरतं. दुसरी चूक, कागद झाकणात "टक" करून न बसवता नुसता टाकून झाकण आवळणं. सर्व्हिसनंतर चार-पाच दिवसांत सकाळची खडखड सुरू झाली असेल तर सगळ्यात आधी हे झाकण उघडा. आवळण्याचा आकडा झाकणावरच छापलेला असतो, बहुतेकांत २५ न्यूटन-मीटर.

काटा उशिरा सुटतो, पण गरम गाडीतही, दहा मिनिटांनंतरही तितकाच उशिरा? मग पंपाच्या ओढीत हवा शिरते आहे. चेंबरमधल्या जाळीच्या पाइपाची ओ-रिंग कडक झालेली, पाइपाला चीर, किंवा बोल्ट सैल. अशा वेळी काटा चढतानाही फडफडतो. चेंबर उतरवण्याआधी एक सोपी परीक्षा आहे: तेल पातळीच्या वर अर्धा लिटर जास्त भरा, म्हणजे तो सांधा तेलात बुडण्याची शक्यता वाढते, आणि नुसतं स्लोवर पुन्हा मोजा. उशीर स्पष्ट कमी झाला तर ओ-रिंग. फरक पडला नाही म्हणून ती निर्दोष ठरत नाही, सांधा अजूनही वर असू शकतो. जास्तीचं तेल त्याच दिवशी काढून टाका आणि त्या अवस्थेत गाडी चालवू नका. क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) तेलात आपटला की फेस होतो.

आता दुसरा प्रकार: काटा वेळेवर सुटतो पण रांगत वर जातो. इथे पंपाच्या गिअरची झीज, अर्धवट उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारा) आणि चोंदलेली जाळी असे तीन उमेदवार. रिलीफ व्हॉल्व्ह अडकला असेल तर रेस वाढवूनही दाब एका ठिकाणी, समजा दीड बारला, थांबतो. जाळी चोंदली असेल तर स्लोवर बरा असलेला दाब २,५००-३,००० फेऱ्यांवर वाढायच्या ऐवजी घसरतो. पंप किंवा बेअरिंग झिजले असतील तर थंड दाब सांभाळला जातो आणि गरम स्लोवर खाली येतो. "दर हजार फेऱ्यांना दहा पीएसआय" हा जुना नियम अंदाजाला बरा, पंप बदलायचा की नाही हे ठरवायला नाही.

जाळी का चोंदते याबद्दल दोन शब्द. लांबवलेले ऑइल चेंज हे एक कारण. दुसरं म्हणजे चेंबर चिकटवताना ओतलेलं आरटीव्ही सीलंट (वाळून रबरासारखी होणारी पेस्ट). बाहेर जितकं दिसतं तितकंच आत ओघळतं, वाळतं आणि जाळीवर जाऊन बसतं. चेंबर चिकटवायला सीलंटचा तीन मिलिमीटर जाडीचा सलग धागा पुरे असतो. काही एक लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनांत टायमिंग बेल्ट तेलातच चालतो. तो झिजला की त्याचा भुगाही याच जाळीत. अशा गाडीत नुसती जाळी धुऊन चेंबर लावून टाकणं चूक आहे, बेल्टही बघावा लागतो.

थंडी आणि तेल

नाशिकात पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली येतो, निफाडला आणखी खाली. त्यामुळे "तेल गोठलं" हे पटकन पटतं. पण ५डब्ल्यू तेलाची (डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा, जितका लहान तितकं पातळ) पंपातून वाहण्याची कसोटी उणे ३५ अंशांना घेतलेली असते, १५डब्ल्यूची उणे २५ ला. निफाडच्या थंडीत चांगल्या अवस्थेतलं कुठलंच तेल पंपाला अडवत नाही. जाड तेलानं वेग मात्र कमी होतो आणि फिल्टरचा बायपास (तेल न गाळता पुढे सोडणारी वाट) जास्त वेळ उघडा राहतो. ५डब्ल्यू-३० सांगितलेल्या इंजिनात दाब "वाढावा" म्हणून १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० टाकलं की गेजवरचा आकडा वाढतो आणि टर्बोपर्यंत तेल पोचायला जास्त वेळ लागतो. घड्याळ बघितलं नाही तर हा उपाय यशस्वी वाटतो.

उलटी तक्रार बीएस-६ डिझेलमध्ये दिसते. शहरातल्या शहरात कॉलेज रोड ते सिडको एवढ्याच फेऱ्या झाल्या की डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) सफाई अर्धवट राहते, डिझेल चेंबरमध्ये उतरतं, डिपस्टिकवर पातळी वाढते आणि तेल पातळ होतं. त्यानं गरम दाब पडतो. सकाळचा उशीर त्यानं होत नाही. दोन तक्रारी एकत्र करू नयेत.

किटमध्ये नसलेली गोष्ट: टर्बोचं टोक

या किटवर माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. स्विचच्या जागी मोजलेला दाब गॅलरीचा असतो. टर्बोची फीड पाइप बारीक, गरम भागाजवळून जाणारी. तिच्यात तेल जळून कोळसा बसतो, आणि काही गाड्यांत तिच्या टोकाच्या बँजो बोल्टमध्ये (तेल आतून जाऊ देणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये) छोटी जाळीही असते. गॅलरीत दीड सेकंदात दाब आला तरी टर्बोकडे तेल आणखी तीन सेकंदांनी पोचू शकतं, आणि किटमधल्या एकाही ॲडॅप्टरनं ते दिसत नाही. जुना त्याच मापाचा बँजो बोल्ट अंबडच्या लेथवाल्याकडून डोक्यातून आरपार भोक पाडून १/८ आटे मारून घेतला की दुसरं गेज तिथे लावता येतं. आतला बुरा डिझेलनं धुऊन हवेनं उडवल्याशिवाय लावू नका, आणि तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. दोन्ही गेज एकाच व्हिडिओत घ्या. दोन काट्यांमधला वेळ हाच फीड पाइपचा हिशेब. वेळ जास्त निघाला तर पाइप साफ करत बसू नका, बदला. सळई घालून मोकळा केलेला कोळसा नंतर सुटतो आणि थेट बेअरिंगमध्ये जातो.

टर्बोची अवस्था त्याच वेळी बघून घ्या. हवेचा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवा. आडवा थोडा हलतो, तेलाच्या थरासाठी ती जागा ठेवलेलीच असते. पुढे-मागे खट्कन हललेला जाणवला तर थ्रस्ट बेअरिंग गेलं, आणि मग नुसता फिल्टर बदलून गाडी परत देणं बरोबर नाही.

नवा फिल्टर किंवा ऑइल चेंज झाल्यावर पहिल्या स्टार्टला काही सेकंद उशीर होणं स्वाभाविक आहे, कारण फिल्टर रिकामा असतो. टर्बो गाडीत तोही टाळता येतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की इंधन सुटत नाही. डिझेलमध्ये मॅन्युअल बघून इंधनाचा फ्यूज किंवा कनेक्टर काढावा लागतो. पाच-सात सेकंद फिरवा, तीस सेकंद थांबा, गेज हलेपर्यंत पुन्हा. काटा अर्ध्या-एक बारवर दिसला की मग इंजिन लावा आणि अर्धा मिनिट रेस देऊ नका. टर्बो नवा बसवला असेल तर त्याची ड्रेन पाइप सोडून खाली बाटली धरा, आणि तेलाची सलग धार आल्याशिवाय इंजिन पेटवू नका.

कमी-जास्त होणाऱ्या पंपाच्या इंजिनांत किट आणखी एका कामाला येतं. बहुतेकांत पंपाच्या सोलेनॉइडची (दाब कमी-जास्त करणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) वायर काढली की पंप पूर्ण दाबावर जातो. वायर काढल्यावर काटा झटकन वर गेला तर पंप चांगला आहे, शोध वायर, सोलेनॉइड आणि त्याच्या बारीक जाळीकडे न्या. चेंबर उतरवायचं काम वाचतं. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाडाचा कोड येईल, तो नंतर स्कॅनरनं पुसा.

ज्याच्याकडे एकच गाडी आहे आणि सकाळची तक्रार नाही, त्यानं किटवर खर्च न करता योग्य फिल्टर, योग्य ग्रेडचं तेल आणि वेळेवर बदल एवढंच सांभाळावं. वणीचा किंवा कसाऱ्याचा घाट चढून आल्यावर बंद करण्याआधी मिनिटभर स्लोवर ठेवावी, म्हणजे फीड पाइपात कोळसा कमी बसतो. तक्रार असेल तर गॅरेजवाल्यांना एवढंच विचारा: गाडी रात्रभर ठेवून घेऊन सकाळी गेज लावणार का, आणि तो व्हिडिओ दाखवणार का? फक्त दुपारी गरम गाडीवर एकदा लावलेलं गेज रात्रभरात उतरणाऱ्या तेलाबद्दल काहीच सांगत नाही.

तपासणी संपल्यावर मूळ स्विच परत लावताना आटे निमुळते असतील तर त्यांवर सीलंटचा पातळ थर, तोच १२-१५ न्यूटन-मीटर, आणि इंजिन चालू करून पाच मिनिटं टॉर्चच्या उजेडात तिथे घाम फुटतो का ते बघा. स्विचच्या पोटातूनच तेल वायरच्या सॉकेटमध्ये पाझरलेलं दिसलं तर तो स्विचही बदला, टर्बोच्या तुलनेत त्याची किंमत काहीच नाही.